अ‍ॅस्पिरिनची गोळी आणि हृदयविकाराचा झटका : द्यायची कधी, थांबायचं कधी?



आजचा पाठ कोणत्याही इयत्तेचा नाही, मोठ्यांसाठी आहे. सुरुवातीलाच सांगते, मी डॉक्टर नाही, प्राथमिक शिक्षिका आहे. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक होता होता राहिली. त्यानंतर या विषयावर मी बरंच वाचलं, आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून विचारून हैराण केलं. जे समजलं ते तुमच्यापुढे मांडते.

आमच्या केंद्राची शिक्षण परिषद होती. दुपारच्या जेवणानंतरचं सत्र, बाहेर धो धो पाऊस. आमच्यातले एक ज्येष्ठ सर मध्येच उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. छातीवर हात चोळत होते. कोणी विचारलं तर म्हणाले, "काही नाही हो, पित्त उसळलंय. वाटाण्याची उसळ बाधली." हवेत एवढा गारवा, आणि सरांचा शर्ट पाठीला घामाने चिकटलेला! मग आपल्याकडे जे होतं तेच झालं. एकाने लिंबूपाणी आणलं, एकाने इनो विरघळवला. कोणी म्हणालं, "व्हरांड्यात दोन फेऱ्या मारा, ढेकर येईल." आणि सरांना खरंच चालवलं! पंधरा-वीस मिनिटं अशीच गेली.

मी काय केलं? माझ्या पर्समध्ये सासऱ्यांच्या गोळ्यांची अर्धी पट्टी होती, आदल्या दिवशी मेडिकलमधून आणलेली. 'छातीत दुखलं की लगेच अ‍ॅस्पिरिन चावायला द्या, जीव वाचेल' असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलेला होता. मी दोन गोळ्या तळहातावर काढल्या आणि सरांसमोर हात धरला. तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात लहान मॅडमनी, कोणालाही न विचारता, १०८ ला फोन लावलेला होता. निघालेल्या गाडीतल्या डॉक्टरांचा उलट फोन आला. त्यांनी वय विचारलं, दुखणं कधीपासून ते विचारलं, आणि मग विचारलं, "कोणत्या गोळ्या चालू आहेत?" सर हळूच म्हणाले, "मागच्या वर्षी पायाच्या शिरेत गुठळी झाली होती. त्याची गोळी घेतो. दर महिन्याला रक्त तपासावं लागतं." पलीकडून लगेच उत्तर आलं, "मग तुम्ही काही देऊ नका. बसवून ठेवा. ईसीजी काढून आम्ही ठरवतो."

माझा हात तसाच पुढे होता. गोळ्या घामाने ओल्या झाल्या होत्या.

सर आज बरे आहेत, अँजिओप्लास्टी झाली, पुन्हा वर्गावर उभे राहतात. पण खरी शरमेची गोष्ट पुढे आहे. घरी आल्यावर मी ती पट्टी नीट वाचली. नाव फाटून अर्धंच राहिलं होतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक होते : अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, दोन्ही. म्हणजे मी एक नव्हे, दोन औषधं देत होते, आणि ते मला माहीतच नव्हतं. वर्षभर मुलांना समजपूर्वक वाचन शिकवणारी मी!

चला तर मग, आता मुळापासून बघू.

रक्तात नेमकं काय घडतं?

मधल्या सुट्टीत मूल पडतं, गुडघा खरचटतो, रक्त येतं आणि थोड्या वेळाने आपोआप थांबतं. हे काम सुरू करतात त्या रक्तपट्टिका, म्हणजे आपण डेंग्यूच्या रिपोर्टमध्ये ज्यांना 'प्लेटलेट' म्हणतो त्या. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. रक्तवाहिनी कुठे फाटली की त्या तिथे चिकटतात आणि थ्रॉम्बॉक्सेन नावाचं रसायन सोडून बाकीच्यांना हाक मारतात. बघता बघता ढीग जमतो, त्यावर जाळं विणलं जातं आणि भोक बुजतं.

गुडघ्यावर ही गोष्ट उपकाराची. पण हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत आतल्या बाजूला वर्षानुवर्षं चरबीचा थर साचलेला असतो. तो थर अचानक तडकला, तर रक्तपट्टिकांना ती जखमच वाटते. त्या इमानदारीने तिथे जमा होतात. पण ही नळी तर दोन-चार मिलिमीटरची! ती बुजली की पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही आणि तो मरायला लागतो. हाच हृदयविकाराचा झटका.

अ‍ॅस्पिरिन काय करतं? थ्रॉम्बॉक्सेन तयार करणारं एक विकर रक्तपट्टिकेत असतं. अ‍ॅस्पिरिन त्या विकराला कायमचं कुलूप लावतं. शरीरातल्या इतर पेशी नवं विकर बनवू शकतात. रक्तपट्टिकेला केंद्रकच नसतं, त्यामुळे तिला ते जमत नाही. एकदा कुलूप लागलं की ती पट्टिका संपेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, मुकी. हाक मारायची बंद.

इथे दोन गैरसमज काढून टाका. पहिला, 'अ‍ॅस्पिरिनने रक्त पातळ होतं'. दुधात पाणी घातल्यासारखं रक्त पातळ होत नाही. रक्तपट्टिकांचा चिकटपणा कमी होतो, एवढंच. सरांची गोळी वेगळ्या जातीची होती. ती रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांवर काम करते. आपण मात्र दोन्हींना सरसकट 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. दोन्ही एकत्र आल्या तर रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. दुसरा गैरसमज, 'अ‍ॅस्पिरिनने गुठळी विरघळते'. नाही. ती वाढायची थांबते. गुठळी विरघळवणारी इंजेक्शनं वेगळी असतात आणि अँजिओप्लास्टी तर वेगळीच. म्हणून गोळी दिली आणि रुग्णाला बरं वाटलं, तरी रुग्णालय चुकत नाही. ते टाळलं तर गोळी देऊन काय मिळवलं?

हे कळलं कसं?

वाळुंजाचं झाड काही जणांनी नदीकाठी पाहिलं असेल. त्याच कुळातल्या विलो झाडाच्या सालीचा ताप उतरवायला उपयोग होतो, असं एडवर्ड स्टोन या इंग्लंडमधल्या पाद्र्याने १७६३ साली रॉयल सोसायटीला कळवलं होतं. पुढे १८९७ मध्ये जर्मनीतल्या बायर कंपनीत आजचं अ‍ॅस्पिरिन शुद्ध रूपात तयार झालं आणि १८९९ पासून या नावाने विकलं जाऊ लागलं. तेव्हा ते फक्त ताप-डोकेदुखीचं औषध होतं. हृदयाशी त्याचा संबंध लावला तो अमेरिकेतल्या लॉरेन्स क्रेव्हन नावाच्या साध्या फॅमिली डॉक्टरने. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर अ‍ॅस्पिरिन असलेलं च्युइंगगम खूप चघळणाऱ्या रुग्णांना जास्त रक्तस्राव होतो, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्याला प्रश्न पडला, की जे रक्त वाहू देतं, ते नको तिथे गोठणंही थांबवेल का? (मुलांना 'निरीक्षणातून प्रश्न' शिकवताना हे उदाहरण जरूर सांगा.) ते काम नेमकं कसं चालतं, हे ब्रिटनच्या जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये उलगडलं आणि १९८२ चं नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांबरोबर मिळालं.

पण खरा पुरावा आला १९८८ मध्ये. 'आयसिस-२' नावाच्या अभ्यासात झटक्याची शंका असलेले १७,१८७ रुग्ण घेतले होते. काहींना महिनाभर रोज सुमारे १६० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पाच आठवड्यांनी मोजलं. अ‍ॅस्पिरिन न मिळालेल्या दर हजारातले सुमारे ११८ जण हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने गेले होते, अ‍ॅस्पिरिन मिळालेल्या दर हजारातले ९४. चोवीस माणसं! शतमानाने सांगायचं तर मृत्यूच्या शक्यतेचं गुणोत्तर (ऑड्स) २३ टक्क्यांनी कमी. बरोबर गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज इंजेक्शनही मिळालं, तिथे घट ४२ टक्के. या स्वस्त गोळीचा मान वाढला तो या आकड्यांमुळे.

याच अभ्यासातली एक मजा सांगितल्याशिवाय राहवत नाही. नियतकालिकाच्या संपादकांनी संशोधकांना सांगितलं, की वेगवेगळ्या गटांत औषध कसं चाललं तेही दाखवा. संशोधकांना माहीत होतं, की लहान लहान तुकडे पाडले की योगायोगाने काहीही दिसतं. म्हणून त्यांनी मुद्दाम रुग्णांच्या राशी मांडल्या! आणि मिथुन व तूळ राशीच्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिनने फायदा होत नाही, उलट किंचित तोटाच होतो, असं 'दिसलं'. (आपल्याकडची चंद्ररास नव्हे हं, जन्मतारखेवरून ठरणारी सूर्यरास.) अर्थात राशीचा काही संबंध नव्हता. 'माझ्या काकांना दिली होती, काही उपयोग झाला नाही' असं कोणी सांगतं, तेव्हा मला हटकून मिथुन रास आठवते.

प्रत्यक्ष प्रसंगात क्रम कोणता?

मोठ्या माणसाच्या छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखं, कोणी बसल्यासारखं वाटतंय. काही मिनिटांत थांबत नाही. डाव्या हातात, जबड्यात, पाठीत कळ जाते, घाम फुटतो, मळमळतं, दम लागतो. अशा वेळी झटका समजूनच चालायचं. बायकांमध्ये, मधुमेह्यांमध्ये आणि वयस्कांमध्ये छातीत फार न दुखता नुसता दम, थकवा, मळमळ एवढंच असू शकतं. 'गॅस झालाय' हे निदान आपण करायचं नाही. गॅस असेल तर डॉक्टर हसून घरी पाठवतील, त्यात आपलं काय गेलं?

पहिलं काम फोन. १०८ किंवा ११२. गोळी शोधण्याच्या आधी फोन. माणसं दोन असतील तर एकाने फोन, दुसऱ्याने रुग्णाला सांभाळणं. फोनवर गाव, वाडी आणि ओळखीची खूण सांगा, नंबर चालू ठेवा, वळणावर एक माणूस उभा करा. आमच्या कोकणातल्या वाड्या गाडीवाल्याला सापडत नाहीत, हा अनुभव सगळ्यांचाच आहे. जिथे नेटवर्क फक्त एका दगडावर उभं राहिलं की येतं, तिथे तो दगड कुठला, हे शाळेतल्या सगळ्यांना आधीच माहीत हवं.

रुग्णाला जिथे आहे तिथेच बसवा, पाठीला आधार, गुडघे जरा वर, कपडे सैल. चालवू नका, जिना चढवू नका. स्वतः गाडी चालवत तर मुळीच जाऊ देऊ नका. लिंबूपाणी, सोडा, ओवा, काही नको.

आणि मग अ‍ॅस्पिरिन. फोनवरच्या माणसाला सरळ विचारा, "आमच्याकडे अ‍ॅस्पिरिन आहे, द्यायची का?" ते हो म्हणाले तर द्या. विचारायला कोणी मिळालंच नाही, तर पुढे जे प्रश्न देते त्यांची उत्तरं रुग्णाकडून घ्या. एकाचंही उत्तर 'हो' आलं किंवा तुम्हालाच खात्री वाटेना, तर गोळी देऊ नका. नेलेल्या ठिकाणी पहिल्या काही मिनिटांत ती दिली जातेच. प्रथमोपचाराच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात, की शंका असेल तर थांबा.

द्यायची ठरली, तर किती? साधारण १५० ते ३२५ मिलिग्रॅमच्या दरम्यान, एकदाच. आपल्याकडे ७५, १५० आणि ३२५ अशा गोळ्या मिळतात. ७५ च्या चार किंवा १५० च्या दोन म्हणजे ३००, हिशोब सोपा आहे. ज्यांना आधीपासून रोजची ७५ चालू आहे त्यांनी 'सकाळी घेतलीय, मग पुन्हा कशाला' असं स्वतःच ठरवू नये. रोजची छोटी मात्रा दिवसागणिक साचत जाऊन काम करते, झटक्यात मात्र सगळ्या रक्तपट्टिका एकदम गप्प करायच्या असतात. सकाळी किती घेतली ते फोनवर सांगा, ते सांगतील तसं करा.

गोळी चावून खायची. पाण्याबरोबर अख्खी गिळायची नाही. रोजच्या वापराच्या बऱ्याच अ‍ॅस्पिरिन गोळ्यांवर एक आवरण असतं. पोट बिघडू नये म्हणून गोळी आतड्यात जाऊन विरघळावी, अशी ती सोय असते. रोजसाठी ठीक, पण झटक्यात ते आवरण वेळ खातं. चावली की आवरण फुटतं. १९९९ मध्ये बारा निरोगी माणसांवर एक छोटा प्रयोग झाला होता. रक्तातलं थ्रॉम्बॉक्सेन निम्म्यावर यायला चावलेल्या गोळीला सुमारे ५ मिनिटं लागली, गिळलेल्या गोळीला सुमारे १२. चव कडू-आंबट लागते, लागू दे. डिस्प्रिनसारखी पाण्यात विरघळणारी गोळी असेल तर थोड्या पाण्यात विरघळवून दिली तरी चालते, मात्र पट्टीवर अ‍ॅस्पिरिन किती ते वाचून.

रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात दाब द्यायला लागा : मिनिटाला १०० ते १२०, प्रत्येक दाब साधारण पाच सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. तिथे गोळीचा विषय संपला.

गोळी देण्याआधीचे प्रश्न

अ‍ॅस्पिरिन किंवा कोणत्याही वेदनाशामक गोळीने पूर्वी कधी अंगावर गांधी, चेहऱ्याला सूज, दम लागणं असं झालंय का? दमा असलेल्या काही जणांना अ‍ॅस्पिरिनने जोराचा झटका येतो. दमा आहे म्हटल्यावर 'यापूर्वी अ‍ॅस्पिरिन घेतली होती का, काही झालं का' हे विचाराच.

सध्या कुठून रक्त जातंय का? रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, नुकताच पोटात अल्सर, नुकतीच शस्त्रक्रिया, मेंदूत पूर्वी रक्तस्राव? रक्त न गोठण्याचा जन्मजात आजार? दुसरी एखादी रक्त न गोठू देणारी गोळी, आमच्या सरांसारखी?

छातीवर मार बसून दुखतंय का? झाडावरून पडला, गाडीवरून पडला, तर अ‍ॅस्पिरिन नको, आतून रक्त जात असू शकतं. पाठीत फाडल्यासारखी, एकाएकी सुरू झालेली भयंकर कळ असेल तर फोनवर त्याच शब्दांत सांगा. मुख्य महाधमनीचा थर फाटला की अशी कळ येते आणि तिथे अ‍ॅस्पिरिन घातक ठरू शकतं.

पक्षाघाताबद्दल मुद्दाम वेगळं लिहिते, कारण इथे चांगले शिकलेले लोकही चुकतात. तोंड वाकडं झालं, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतं. 'हाही गुठळीचाच आजार, मग द्या अ‍ॅस्पिरिन!' नाही. पक्षाघात गुठळीनेही होतो आणि मेंदूत रक्तवाहिनी फुटूनही होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. सीटी स्कॅनशिवाय डॉक्टरांनाही सांगता येत नाही. फुटलेल्या नळीवर अ‍ॅस्पिरिन म्हणजे आगीत तेल. तिथे फक्त १०८.

तापात शंका डेंग्यूची असेल तर अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन नको, कारण रक्तपट्टिका आधीच कमी होत असतात. आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं : मुलांना अ‍ॅस्पिरिन कधीही स्वतःहून द्यायचं नाही. फ्लू, कांजिण्या अशा विषाणूजन्य आजारात १६ वर्षांखालील मुलांना ते दिल्यास 'रे सिंड्रोम' नावाचा यकृत आणि मेंदूवर परिणाम करणारा आजार होऊ शकतो. तो क्वचित होतो, पण जिवावर बेततो. वर्गात मुलाचं डोकं दुखतंय म्हणून पर्समधली गोळी अर्धी करून देणाऱ्या बाई आपण सगळ्यांनी पाहिल्यात. काहींनी आरशात पाहिल्यात.

पर्समधली पट्टी वाचायची कशी?

डोकेदुखीची गोळी म्हणजे अ‍ॅस्पिरिन, असं समजू नका. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. या दोन्हींचा झटक्यात उपयोग नाही. उलट आयब्युप्रोफेन तर अ‍ॅस्पिरिनच्याच जागेवर जाऊन बसतं आणि त्याला काम करू देत नाही. नावाच्या पुढची छोटी अक्षरंही वाचा. इकोस्प्रिन म्हणजे साधं अ‍ॅस्पिरिन, पण इकोस्प्रिन-एव्ही म्हणजे त्यात कोलेस्टेरॉलचं औषधही आलं. नाव न बघता 'ही अ‍ॅस्पिरिनचीच' म्हणून चार कॅप्सूल दिल्या तर हिशोब कुठल्या कुठे जाईल. आणि पट्टी फाडताना नाव, मिलिग्रॅम आणि मुदतीची तारीख असलेला भाग शेवटपर्यंत राहू द्या. शेजारच्या कडेने गोळ्या काढा. आमच्या घरी आता हा नियमच आहे, सासरे कुरकुरतात तरी.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तीन गोळ्यांच्या पुडीबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलं. त्यात बहुतेक वेळा जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट असते. ती रक्तवाहिन्या सैल करते आणि रक्तदाब खाली आणते. ज्यांना डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यांनी सांगितल्याप्रमाणे ती घ्यावी. पण ज्याचा रक्तदाब आधीच पडलाय, ज्याच्या हृदयाच्या उजव्या बाजूला झटका बसलाय, किंवा ज्याने लैंगिक ताकदीसाठीची सिल्डेनाफिलसारखी गोळी आदल्या दिवशी घेतली आहे, त्याचा रक्तदाब तिने धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो. असली गोळी घेतल्याचं चारचौघांत कोण सांगणार? म्हणून दुसऱ्याची सॉर्बिट्रेट तिसऱ्याला द्यायची नाही. जोरजोरात खोकून झटका थांबवा, हा मेसेज तर सरळ डिलीट करा.

चाळिशी आली म्हणून रोज एक अ‍ॅस्पिरिन सुरू करणारे सरही माझ्या ओळखीत आहेत. ज्यांना झटका येऊन गेलाय, स्टेंट आहे, त्यांच्यासाठी रोजची गोळी अमृत आहे आणि डॉक्टरांना न विचारता ती बंद करणं धोक्याचं. पण हृदयविकार नसलेल्या धडधाकट माणसाने स्वतःच सुरू करणं वेगळं. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९ हजारांहून जास्त निरोगी वयस्करांवरचा अभ्यास २०१८ मध्ये आला. रोजच्या अ‍ॅस्पिरिनने त्यांचं धडधाकट आयुष्य काही वाढलं नाही, रक्तस्राव मात्र वाढला.

आमच्या शाळेत आम्ही काय केलं

मुलांच्या प्रथमोपचार पेटीत अ‍ॅस्पिरिन ठेवायची नाही, असं ठरलं. एक साधी पट्टी, फक्त अ‍ॅस्पिरिनची, मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलुपात ठेवली आहे. पाकिटावर लाल पेनाने लिहिलंय : 'फक्त मोठ्यांसाठी. आधी १०८.' आत एक कागद आहे, त्यावर वरचे प्रश्न. आम्ही पाचही शिक्षकांनी आपापली चालू औषधं आणि अ‍ॅलर्जी एका चिठ्ठीवर लिहून त्याच पाकिटात ठेवल्या. लिहिताना कळलं, की आमच्यातल्या एका मॅडमना अ‍ॅस्पिरिनने अंगावर गांधी येतात. सात वर्षं एकत्र डबा खातोय, आणि कोणाला पत्ता नाही!

चौथीच्या मुलांकडून १०८ ला फोन करण्याचं नाट्यीकरण करून घेतलं. पहिल्या वेळी एकाने फोनवर "लवकर या, आजोबांना बरं नाही" एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला. "गाडी कुठे येणार रे?" विचारलं तर म्हणतो, "आमच्या घरी!" आता सगळ्यांना वाडीचं नाव, साकवाची खूण आणि 'फोन आपण आधी ठेवायचा नाही' एवढं पाठ आहे.

एक शेवटची गोष्ट, कोकणातल्यांसाठी खास. दमट हवेत अ‍ॅस्पिरिन हळूहळू विघटित होतं आणि त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, सुटतं. पट्टी उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर मुदतीची तारीख पुढची असली तरी ती गोळी टाकून द्या. आमची पहिली पट्टी अशीच वाया गेली, कारण कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल होती. आता पाकीट हवाबंद डब्यात आहे आणि दर १५ जूनला, पाठ्यपुस्तकं वाटायच्या आधी, डबा उघडून बघायचं काम माझ्याकडे आहे.